व्हिक्सेल लेझरला चांदीचा पातळ आरसा: जळगाव-धुळ्यात बसून डिझाइन कसं करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आपल्या खान्देशात एमएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करणारी पोरं-पोरी प्रोजेक्ट निवडताना सेमीकंडक्टर लेझर म्हटलं की लगेच मागे सरतात, कारण क्लीनरूम नाही, एमबीई मशीन (अणूंचे पातळ थर चढवणारं) नाही, मग करणार काय असं वाटतं. पण या लेझरच्या आरशाचं डिझाइन पूर्णपणे लॅपटॉपवर होतं, आणि त्यातला चांदीच्या फिल्मचा भाग तर डिपार्टमेंटच्या साध्या व्हॅक्युम कोटिंग युनिटवरही तपासता येतो, मग ते जळगावला विद्यापीठात असो की अमळनेर, शिरपूर, नंदुरबारच्या कॉलेजात. म्हणून सगळ्या पायऱ्या आकड्यांसकट लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही भो.

आधी अडचण नीट समजून घ्या

व्हिक्सेल म्हणजे ज्याचा प्रकाश चिपच्या कडेनं न येता सरळ वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडतो तो लेझर. मोबाईलच्या फेस अनलॉकमध्ये, डेटा सेंटरच्या फायबर लिंकमध्ये हाच असतो. कल्पना जपानच्या केनिची इगा यांची, १९७७ ची, आणि १९७९ मध्ये त्यांच्या टोकियोच्या ग्रुपनं पहिला चालवून दाखवला, तोही ७७ केल्विनला, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या थंडीत. त्या सुरुवातीच्या लेझरला आरसे धातूचेच होते. रूम टेम्परेचरला सलग चालणारा व्हिक्सेल यायला १९८८ उजाडलं.

एवढा वेळ का लागला? कडेनं प्रकाश देणाऱ्या लेझरमध्ये प्रकाश शेकडो मायक्रॉन लांब गेन मटेरियलमधून, म्हणजे प्रकाश वाढवणाऱ्या मटेरियलमधून, जातो. व्हिक्सेलमध्ये तो फक्त क्वांटम वेलच्या (अशा मटेरियलच्या अतिपातळ थरांच्या) जाडीतून जातो, ८ नॅनोमीटरच्या तीन वेल धरल्या तर सगळे मिळून २४ एनएम. गेन दर सेंटिमीटरला १५०० धरा, वेल स्टँडिंग वेव्हच्या (दोन आरशांमधे जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या लाटेच्या) शिखरावर ठेवल्याचा साधारण १.८ पट फायदा धरा, तर एका पूर्ण फेरीत प्रकाश वाढतो १.३ टक्के. बस्स, एवढाच. म्हणजे दोन्ही आरसे आणि आतली शोषण-बिषण मिळून फेरीमागे होणारा तोटा १.३ टक्क्यांच्या आत बसला पाहिजे, नाहीतर लेझर पेटणारच नाही.

म्हणून आरसा ९९ टक्क्यांच्या वर लागतो आणि लोक डीबीआर (डिस्ट्रिब्युटेड ब्रॅग रिफ्लेक्टर) वापरतात, गॅलियम आर्सेनाइड आणि अॅल्युमिनियम आर्सेनाइडचे एकाआड एक थर. पण वरच्या पी-टाइप बाजूला १५-२० जोड्या रचल्या की करंटला प्रत्येक जोडणीवर अडथळा येतो, रेझिस्टन्स वाढतो, लेझर तापतो. वर परत कॉन्टॅक्ट गोल कड्यासारखा द्यावा लागतो, प्रकाश जायला मधे भोक ठेवावं लागतं ना, त्यामुळे करंट कडेला गर्दी करतो आणि मधे, जिथं खरा पाहिजे तिथं, कमी पोचतो.

पातळ धातूचा आरसा इथं दोन कामं एकदम करतो. तो स्वतःच कॉन्टॅक्ट असतो म्हणून करंट सरळ मधूनच खाली जातो, आणि तो स्वतःच आरसा असतो म्हणून डीबीआरच्या बऱ्याच जोड्या वाचतात. १९८९-९० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये चांदीचे असे आरसे लावून चांगले व्हिक्सेल केले गेले. धातूची खोड एकच, तो प्रकाश खातो. आता पुढचा सगळा लेख या एकाच गोष्टीवर आहे: धातू किती खातो आणि किती बाहेर सोडतो याचं गुणोत्तर आपल्या हातात कसं ठेवायचं.

पायरी १: आकडे गोळा करा

आपण ९८० एनएम तरंगलांबी घेऊ, कारण या ठिकाणी गॅलियम आर्सेनाइड जवळपास पारदर्शक असतं. ८५० घेतलं तर तेच शोषायला लागतं आणि सगळीकडे अॅल्युमिनियम मिसळावं लागतं, नवशिक्याला ती डोकेदुखी नको.

गॅलियम आर्सेनाइडचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स ३.५२, अॅल्युमिनियम आर्सेनाइडचा २.९५. क्वार्टर वेव्हची जाडी म्हणजे तरंगलांबी भागिले इंडेक्सच्या चौपट, ती अनुक्रमे ६९.६ आणि ८३.१ एनएम येते. धातूला दोन आकडे असतात, एन आणि के; एन म्हणजे नेहमीचा इंडेक्स, के म्हणजे प्रकाश धातूत किती लवकर विरतो त्याचा आकडा. ९८० च्या आसपास चांदीचे ०.०४ आणि ७.०, सोन्याचे ०.२२ आणि ६.३५. हे जॉन्सन आणि क्रिस्टी यांच्या १९७२ च्या मोजमापातले आकडे आहेत, बहुतेक सगळे डिझाइनवाले तेच वापरतात.

जळगाव सोन्याचं गाव म्हणून मन सोन्याकडे ओढलं जाईल, पण बघा, एन चा आकडा सोन्यात पाचपटीपेक्षा जास्त आहे आणि प्रकाश खाण्याचं काम मुख्यतः या एन वरच ठरतं. आरशासाठी चांदीच घ्यायची. सोनं वर पॅडला वायर बाँडिंगसाठी ठेवा.

पायरी २: हवेतला आकडा आत चालत नाही

इथं भरपूर लोक फसतात. चांदीचं परावर्तन पुस्तकात ९९.७ टक्के दिलेलं असतं, पण ते हवेतून चांदीवर पडणाऱ्या प्रकाशाचं. आपला प्रकाश गॅलियम आर्सेनाइडच्या आतून चांदीवर पडतो. सूत्र तेच, फक्त हवेच्या १ च्या जागी ३.५२ टाका: वरती इंडेक्समधला फरक वर्ग अधिक के वर्ग, खाली इंडेक्सची बेरीज वर्ग अधिक के वर्ग. उत्तर येतं ९९.१. तोटा ०.३ टक्क्यावरून ०.९ वर गेला, जवळपास तिप्पट. सोन्याचं तर हवेत ९७.९ आणि आतून फक्त ९४.३. एकूण बजेट १.३ टक्के असताना नुसतं सोनं लावून लेझर चालणार नाही हे इथंच दिसतं, आणि नुसती चांदीही फार ओढाताणीत जाते. म्हणून धातूच्या खाली थोड्या तरी जोड्या ठेवाव्याच लागतात.

पायरी ३: कॅल्क्युलेटर तयार करा

पायथन असेल तर टीएमएम नावाचं फुकट पॅकेज मिळतं, ते टाका. पण मी म्हणेन आधी स्वतः दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा, कारण पद्धत अगदी सोपी आहे. सगळ्यात वरच्या हवेपासून सुरुवात करा आणि एकेक थर खाली कॅव्हिटीकडे, म्हणजे दोन आरशांच्या मधल्या भागाकडे, या. प्रत्येक टप्प्यावर:

नवीन परावर्तन = (अ + ब × फ) ÷ (१ + अ × ब × फ)

यात अ म्हणजे त्या सांध्यावरचं स्वतःचं परावर्तन, म्हणजे खालचा इंडेक्स वजा वरचा भागिले दोघांची बेरीज. ब म्हणजे त्याच्या वरच्या सगळ्या थरांचं आधी काढलेलं उत्तर. फ म्हणजे मधल्या थरातून जाऊन परत येण्याचा फेज (लाट किती अंश पुढं सरकली ते), ई चा घात (४ × पाय × आय × इंडेक्स × जाडी ÷ तरंगलांबी). इंडेक्स काँप्लेक्स टाकायचा, एन अधिक आय के. चिन्ह चुकून वजा पडलं तर परावर्तन १०० टक्क्यांच्या वर येतं, तसं दिसलं की समजायचं धातू प्रकाश खायच्या ऐवजी तयार करतोय, चिन्ह बदला. शेवटी आलेल्या काँप्लेक्स संख्येच्या मापाचा वर्ग घेतला की परावर्तन मिळतं आणि तिचा कोन म्हणजे फेज, तोही जपून ठेवा, पुढच्या पायरीत लागतो.

प्रोग्रॅम बरोबर आहे का हे बघायला तीन परीक्षा घ्या. गॅलियम आर्सेनाइड ते हवा: ३१ टक्के यायला पाहिजे. गॅलियम आर्सेनाइड ते जाड चांदी: ९९.१. आणि २० जोड्या, त्यांच्या वर हवा: ९९.९०. तिन्ही जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता त्याच प्रोग्रॅममध्ये ९९.९ गाठायला किती जोड्या लागतात ते काढून बघा. वर हवा असेल तर २०. वर जाड सोनं असेल तर १२. जाड चांदी असेल तर ७. एका जोडीची जाडी १५२.७ एनएम, म्हणजे तीन मायक्रॉनचा ढीग एका मायक्रॉनवर आला. हा आकडा स्वतःच्या स्क्रीनवर आला की धातूच्या आरशाचं महत्त्व पटतं. पण यासाठी चांदी योग्य फेजला बसली पाहिजे.

पायरी ४: फेज लेयर

डीबीआरचा प्रत्येक सांधा थोडा थोडा प्रकाश परत पाठवतो आणि ते सगळे एका तालात परत येतात म्हणून परावर्तन वाढतं, भजनात सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडाव्या तसं. धातूही त्याच तालात टाळी देणारा पाहिजे. डीबीआरचा शेवटचा थर नेहमीसारखा क्वार्टर वेव्ह ठेवून त्यावर चांदी टाकली तर ताल चुकतो, कारण हवेवरून परतताना प्रकाशाचा फेज बदलत नाही आणि चांदीवरून परतताना बदलतो.

किती बदलतो ते प्रोग्रॅमला विचारा. जाड चांदीवर उत्तर येईल उणे १२६.६ अंश. आदर्श धातू असता तर उणे १८० आलं असतं आणि वरचा थर, म्हणजे हा फेज लेयर, बरोबर हाफ वेव्ह, १३९ एनएम, ठेवावा लागला असता. खऱ्या चांदीत प्रकाश थोडा आत घुसतो म्हणून तेवढं खालून कापायचं. हिशोब असा: थरातून जाऊन-येऊन होणारा फेज अधिक धातूचा फेज मिळून १८० अंश झाले पाहिजेत. म्हणजे थराचा वाटा १८० अधिक १२६.६, ३०६.६ अंश. क्वार्टर वेव्ह म्हणजे ६९.६ एनएम जाऊन-येऊन १८० अंश देतो, तर ३०६.६ साठी ११८.६ एनएम. हाफ वेव्हमधून वीसेक एनएम वजा, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. ३० एनएमच्या पातळ चांदीला ११६ येतो, फरक फार नाही.

ही पायरी गाळली तर काय होतं? ८ जोड्या, वर ३० एनएम चांदी, फेज लेयर बरोबर: परावर्तन ९९.५३. तेच शेवटचा थर क्वार्टर वेव्हच ठेवला: ९८.१. आकड्यात छोटा फरक वाटतो पण तोटा ०.४७ वरून १.८५ टक्के झाला, चौपट, आणि बजेट तर १.३ चंच होतं. गेला लेझर. उलट फेज लेयर १० एनएमनं इकडं-तिकडं झाला तर ९९.५३ चं ९९.५१ होतं, काही बिघडत नाही. म्हणून या थरात बारीक चुकांची चिंता करू नका, तो आहे की नाही याची करा. चिंता कॅव्हिटी आणि डीबीआर मिळून सगळ्या थरांच्या जाडीची करायची, ती सगळीकडे १ टक्का चुकली तर लेझरचा रंग जवळपास १० एनएम सरकतो.

या थरात वरचे दहा-वीस एनएम भारी पी-डोपिंगचे ठेवा, घन सेंटिमीटरला १० चा १९ वा घात किंवा त्याहून जास्त, म्हणजे चांदी न तापवताच ओहमिक कॉन्टॅक्ट (करंटला अडवत नाही असा) देते. भारी डोपिंग प्रकाश खातं हे खरं, पण धातूच्या लगत स्टँडिंग वेव्ह खाली उतरलेली असते म्हणून तिथं ते सगळ्यात कमी त्रास देतं.

पायरी ५: चांदी किती जाड

आता लेखाचा गाभा. वरून प्रकाश बाहेर काढायचा असेल तर चांदी पातळ पाहिजे. चांदीत प्रकाशाची तीव्रता दर ११ एनएमला पावणेतीन पटीनं कमी होते. बरेच जण इथं फक्त किती प्रकाश पार होतो ते बघतात आणि चुकीच्या जाडीवर जातात. बघायचं काय, तर चांदीत शिरलेल्या प्रकाशापैकी किती टक्के बाहेर निघाला आणि किती आत मेला. याला आपण सुटका-वाटा म्हणू.

या वाट्याची गंमत अशी की खाली किती जोड्या ठेवल्या याच्याशी त्याचा काही संबंध नाही. जोड्या स्वतः प्रकाश खात नाहीत (आदर्श धरल्या तर), त्या फक्त चांदीपर्यंत एकूण किती पोचायचा ते ठरवतात. पोचलेल्यातून किती सुटणार हे ठरतं चांदीच्या जाडीवर आणि तिच्या वर काय आहे यावर. म्हणजे डिझाइन दोन तुकड्यात वेगळं करता येतं, आधी वरचा सुटका-वाटा ठरवा, मग खालच्या जोड्या मोजून परावर्तन जिथं पाहिजे तिथं आणा. मला या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कुठली विचारलं तर हीच.

वर हवा असताना चांदीचे आकडे: २० एनएमला ९१ टक्के, ३० ला ८३, ४० ला ६९ ते ७०, ५५ ला फक्त ४०. सोन्याचे: २० ला ६९, ३० ला ५२, ४० ला ३६. तीस एनएम सोन्यात निम्मा प्रकाश जागेवरच उष्णता होतो.

मग २० एनएम चांदीच का नको? आकड्यात छान आहे, पण चांदी आधी बेटं-बेटं करून बसते, १० एनएमच्या खाली तर सलग फिल्म बनतच नाही, आणि २० ला सुद्धा पृष्ठभाग चांगला नसेल तर खडबडीत होते. खडबडीत फिल्मचा एन पुस्तकातल्या ०.०४ पेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणजे कागदावरचे ९१ हातात येत नाहीत. शिवाय करंट वाहायला, बाँडिंगचा धक्का सोसायला जाडी लागते.

पायरी ६: चांदीवर पांघरूण

यावर उपाय आहे आणि तो फार कमी खर्चाचा आहे. चांदीच्या वर साधारण २ इंडेक्सचा पारदर्शक थर, क्वार्टर वेव्ह, म्हणजे १२२ एनएम, टाका. प्रोग्रॅममध्ये घालून बघा: ३० एनएम चांदीचा सुटका-वाटा ८३ वरून ९४ च्या वर जातो, ४० एनएमचा ७० वरून ८८ वर. कारण चांदीतून हवेत उडी मारणं प्रकाशाला जड जातं, मधली पायरी दिली की तो आत कमी रेंगाळतो.

त्याची किंमत म्हणजे वरचं परावर्तन थोडं पडतं. पण तुलना बघा. ३० एनएम उघडी चांदी आणि ४० एनएम पांघरलेली चांदी, दोन्हींचं परावर्तन जवळपास सारखंच, साडेएक्क्याण्णव ते साडेब्याण्णव टक्क्यांच्या मधे, त्यामुळे खाली दोन्हींना ८ जोड्याच लागतात. पण सुटका-वाटा एकाचा ८३, दुसऱ्याचा ८८. आणि दुसरी फिल्म जाड, सलग, करंटला चांगली, वर हवेतल्या गंधकापासून झाकलेली. चांदी काळी पडते ते गंधकानंच. म्हणून माझं मत विचाराल तर ४० एनएम चांदी अधिक पांघरूण हीच रचना घ्या, उघड्या पातळ चांदीच्या मागे लागू नका.

पांघरुणाचा थर थंड पद्धतीनं टाकायचा हे मात्र कटाक्षानं पाळा, ई-बीम किंवा स्पटरिंगनं. गरम प्रोसेसमध्ये चांदी गोळा होऊन परत बेटं तयार होतात.

पायरी ७: पूर्ण हिशोब मांडा

वरचा आरसा: ४० एनएम चांदी, पांघरूण, ११८ एनएमचा फेज लेयर धरून ८ जोड्या. परावर्तन ९९.४८, त्यातला बाहेर जाणारा ०.४६ टक्के, चांदीनं खाल्लेला ०.०६. खालचा आरसा २५ जोड्या एन-टाइप, तिथून गळती ०.०६. डोपिंगमुळे आत होणारं शोषण फेरीला ०.१५ धरा, हा आकडा वेफरप्रमाणे (थर चढवलेल्या चकतीप्रमाणे) बदलतो. एकूण ०.७३ टक्के. गेन १.३ पर्यंत जातो म्हणजे लेझर आरामात पेटेल, आणि तयार झालेल्या प्रकाशातला ६३ टक्के वरून कामाला येईल. याच जागी उघडं ३० एनएम सोनं तेवढ्याच परावर्तनाला बसवलं असतं तर हा आकडा ३७ वर आला असता. हवा-डीबीआरला एवढ्याच परावर्तनासाठी १५ जोड्या लागल्या असत्या, म्हणजे पी-बाजूच्या ७ जोड्यांचा रेझिस्टन्स आपण वाचवला.

दुसरा रस्ता असा की चांदी १०० एनएमच्या वर जाड ठेवायची आणि प्रकाश खालून, सबस्ट्रेटमधून (खालच्या जाड चकतीतून) काढायचा, ९८० ला ते जमतं. मग वर चांदी आणि १० जोड्या, खाली १९ जोड्या. पातळ फिल्मची कटकट राहत नाही आणि चिप उलटी हीटसिंकवर चिकटवता येते. म्युनिकच्या वॉल्टर शॉटकी इन्स्टिट्यूटमध्ये जे लांब तरंगलांबीचे इंडियम फॉस्फाइड व्हिक्सेल झाले त्यात मागे थोडेसे डायलेक्ट्रिक थर आणि सोनं असंच जाड आरशाचं तत्त्व होतं.

तापमानाचाही हिशोब जोडा. कॅव्हिटीचा रंग दर अंशाला साधारण ०.०७ एनएम सरकतो आणि गेनचं शिखर ०.३ नं. पन्नास अंश तापला तर दोघांत ११-१२ एनएमचं अंतर पडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पंचेचाळीस अंशात हे उपकरण उघड्यावर चालवायचं असेल तर थंड असताना गेनचं शिखर मुद्दाम कॅव्हिटीच्या अलीकडे, कमी तरंगलांबीला ठेवावं लागतं, म्हणजे तापल्यावर दोघं जुळतात.

पायरी ८: काचेवर सराव

वेफरला हात लावण्याआधी चांदीची फिल्म जमते का ते काचेवर बघा, हे आपल्याकडेच होतं. चांदी ९९.९९ शुद्धतेची पेलेट मागवा, सराफ बाजारातली ९९९ ची चांदी म्हणजे ९९.९ टक्के, दागिन्याला उत्तम पण इथं एक नऊ कमी पडतो. काचेच्या स्लाइड साबण, अॅसिटोन, आयसोप्रोपाइल अशा क्रमानं धुवा. व्हॅक्युम जेवढा खोल जाईल तेवढा न्या, सबस्ट्रेट थंड ठेवा आणि चांदी भरभर टाका, सेकंदाला एक-दोन एनएम. हळू टाकली तर बेटं मोठी होतात. चांदी चिकटत नाही म्हणून खाली टायटॅनियम किंवा क्रोमियम लावायची सवय इथं बंद. प्रत्यक्ष लेझरमध्ये दोन एनएम टायटॅनियमसुद्धा शोषण कित्येक पटीनं वाढवतं, स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये घालून खात्री करा.

फिल्म उजेडाकडे धरली की चांगली चांदी निळसर-जांभळी दिसते. मोजायला रिमोटमधला ९४० एनएमचा एलईडी, समोर बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड आणि मल्टीमीटर पुरतो, खोली अंधारी करा. साध्या स्लाइडमधून येणारा करंट आणि चांदीच्या स्लाइडमधून येणारा, यांचं गुणोत्तर घ्या. हिशोबानं २० एनएमला साधारण १० टक्के, ३० ला साडेतीन, ४० ला दीडच्या आत यायला पाहिजे. खूप जास्त आलं तर फिल्म हिशोबापेक्षा पातळ आहे किंवा सलग नाही. ९८० चा लेझर डायोड यासाठी वापरू नका, तो डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि डोळा जातो.

पायरी ९: फॅबचा क्रम

वेफरवर थर वाढवणं, म्हणजे ग्रोथ, बाहेरून करून घ्यावं लागतं आणि पुढची प्रोसेस मोठ्या सेंटरला. आयआयटी बॉम्बे आणि बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये आयएनयूपी या कार्यक्रमातून बाहेरच्या कॉलेजवाल्यांना नॅनोफॅब वापरायला मिळतं, वर्कशॉप होतात, प्रपोजल द्यावं लागतं. वरचा पूर्ण हिशोब हातात असेल तर प्रपोजल अर्धं लिहून झालंच.

क्रमाचा नियम एकच: जे जे गरम ते सगळं चांदीच्या आधी. मेसा एचिंग (लेझरचा उंचवटा कोरणं), मग अॅल्युमिनियम भरपूर असलेल्या थराचं वाफेवरचं ऑक्सिडेशन, ते ४०० ते ४५० अंशाला होतं, मग मागचा सोनं-जर्मेनियमचा कॉन्टॅक्ट, तोही चारशेच्या आसपास तापवतात. हे सगळं उरकल्यावर चांदीची पाळी. सोनं-झिंकसारखे तापवून मुरवायचे कॉन्टॅक्ट आरशाच्या जागी लावायचेच नाहीत, धातू सेमीकंडक्टरमध्ये ओबडधोबड घुसतो आणि आरसा संपतो.

चांदीच्या आधी पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बुडवून वरचा नेटिव्ह ऑक्साइड काढा आणि वेळ न घालवता व्हॅक्युममध्ये टाका. चांदी लिफ्ट-ऑफनं (नको तिथली फिल्म खालच्या रेझिस्टसकट उचलून) १०-२० मायक्रॉनच्या ठिपक्यात, कडेला तिला टेकणारं जाड सोन्याचं पॅड, शेवटी पांघरूण. गॅलियम आर्सेनाइड तोडताना येणारी धूळ आर्सेनिकची असते, मास्क आणि ओला टिश्यू ठेवा, फुंकर मारू नका.

पायरी १०: मोजल्यावर काय बघायचं

चांदी टाकायच्या आधी वेफरचं परावर्तन स्पेक्ट्रम घ्या, कॅव्हिटीची खाच नक्की कितीला आहे ते कळतं, मग त्या तरंगलांबीसाठी फेज लेयर परत काढा आणि गरज असेल तर वरून थोडा एच करून जुळवा. धातूच्या आरशाचा हा मोठा फायदा, शेवटचा थर हातात राहतो.

लेझर झाल्यावर करंट वाढवत प्रकाश मोजा, आधी छोट्या पल्सनं, मग सलग. थ्रेशोल्ड (लेझर पेटतो तो करंट) हिशोबापेक्षा बराच वर आणि स्लोपही (करंटमागे वाढणारा प्रकाश) कमी असेल तर चांदीचा एन बिघडलाय किंवा सांध्यावर ऑक्साइड राहिलाय, काचेवरच्या नमुन्याशी ताडून बघा. थ्रेशोल्ड कमी पण स्लोपही कमी असेल तर आरसा जास्त चांगला झालाय, पुढच्या वेफरला एक-दोन जोड्या कमी करा. पल्सवर ठीक आणि सलग करंटवर लवकर वाकतो असं दिसलं तर रेझिस्टन्स तपासा, पी-बाजूच्या सांध्यांना ग्रेडिंग (मिश्रण हळूहळू बदलणं) कमी पडलंय किंवा चांदीखालचं डोपिंग कमी आहे. आणि स्पेक्ट्रोमीटरवर रंग ९८० च्या जागी दहा एनएम बाजूला आला तर फेज लेयरकडे बघत बसू नका, ग्रोथच्या जाडीचा रिपोर्ट मागवा.